तीन डावखुरे आणि एक वर्गमूळ

क्रिकेटचे वेड असलेली चार माणसे एकत्र बसली की एक वाद हमखास निघतो. अमुक गोलंदाज मोठा की तमुक? वाद तावातावाने होतो, आकडे तोंडपाठ असतात आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचा गोलंदाज श्रेष्ठ ठरतो. गंमत अशी, की याच माणसांनी शाळेत असताना व्हर्नियर कॅलिपरने गोळीचा व्यास मोजलेला असतो आणि वहीत उत्तरापुढे 'अधिक-उणे' चिन्ह घालून त्रुटीही लिहिलेली असते. एका क्षुल्लक गोळीच्या बाबतीत जी काळजी आपण घेतो, ती एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या कर्तृत्वाची तुलना करताना का बरे घेऊ नये? ती घेतली तर काय होते, ते आज पाहू.

त्यासाठी आपण एकाच काळातले तीन गोलंदाज घेऊ. मुंबईचे पद्माकर शिवलकर, हरियाणाचे राजिंदर गोयल आणि दिल्लीचे बिशनसिंग बेदी. शिवलकरांचा जन्म १९४० चा, गोयल यांचा १९४२ चा आणि बेदींचा १९४६ चा. तिघेही डावखुरे, तिघेही मंदगती फिरकी गोलंदाज. तिघांच्याही ऐन उमेदीची वर्षे साधारण एकच. आज तिघांपैकी कोणीही हयात नाही. गोयल २०२० साली गेले, बेदी २०२३ साली आणि शिवलकर मार्च २०२५ मध्ये.

इतके साम्य असूनही तिघांचे नशीब मात्र सारखे नव्हते. बेदी ६७ कसोटी सामने खेळले, भारताचे कर्णधार झाले. शिवलकर आणि गोयल यांच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नाही. अकरा जणांच्या संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा सहसा एकच असते, आणि ती बेदींनी १९६६ अखेरपासून १९७९ पर्यंत व्यापून ठेवली होती. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरच्या कसोटीला बेदींना वगळण्यात आले, तेव्हा गोयल यांची संघात निवड झाली. पण प्रत्यक्ष खेळणाऱ्या अकरांत त्यांचे नाव नव्हते. ती संधी गेली ती गेलीच.

'पॅडीवर अन्याय झाला,' हे वाक्य महाराष्ट्रात गेली पन्नास वर्षे ऐकू येत आहे. पॅडी म्हणजे अर्थातच शिवलकर. हे वाक्य खरे की खोटे, हे आकड्यांवरून ठरवता येईल का? आणि ठरवता येत असेल तर कितपत खात्रीने?

प्रथम मोजमापाचे एकक ठरवू. गोलंदाजाची सरासरी म्हणजे त्याने दिलेल्या एकूण धावांना त्याने घेतलेल्या बळींनी भागून येणारी संख्या. एक बळी मिळवण्यासाठी सरासरी किती धावा मोजाव्या लागल्या, हे ती सांगते. म्हणून ती जितकी कमी तितकी चांगली. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत तिघांची कामगिरी अशी आहे :

गोयल : ७५० बळी, सरासरी १८.५८
शिवलकर : ५८९ बळी, सरासरी १९.६९
बेदी : १,५६० बळी, सरासरी २१.६९

झाला की निकाल! गोयल पहिले, शिवलकर दुसरे, बेदी तिसरे. ज्याला ६७ कसोटी सामने मिळाले तो शेवटचा आणि ज्यांना एकही मिळाला नाही ते पुढे. तावातावाने वाद घालणाऱ्याला एवढे पुरते. आपल्याला पुरत नाही. १८.५८ मधला शेवटचा आठ कितपत विश्वासार्ह आहे, हे आधी विचारायला हवे.

फाशांचा प्रयोग

हे समजण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांनी सापशिडीचा एकेक फासा घ्या. प्रत्येक वेळी फासा टाकणे म्हणजे एक चेंडू. सहा पडले की बळी! दोघांनीही वीस-वीस बळी होईपर्यंत फासा टाकायचा आणि किती 'चेंडू' लागले ते मोजायचे. सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणून वीस बळींना साधारण १२० चेंडू लागावेत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कोणाला १०० लागतील, कोणाला १४०. समजा तुम्हाला १०२ लागले आणि मित्राला १३५. याचा अर्थ तुम्ही मोठे गोलंदाज असा होतो काय? मुळीच नाही. दोन्ही फासे अगदी सारखे आहेत. हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे.

आता हाच खेळ २० ऐवजी २०० बळींपर्यंत न्या. (सुट्टीतला एखादा पावसाळी दिवस यासाठी राखून ठेवावा, आणि तोंडी हिशेबावर न जाता वहीत खुणा करत जाव्यात.) दर बळीमागे लागलेल्या चेंडूंची सरासरी आता दोघांचीही सहाच्या पुष्कळ जवळ आलेली दिसेल. बळी जितके अधिक, तितका योगायोगाचा हात आखडता होत जातो. पण किती वेगाने आखडतो? बळी दहापट केले तर त्रुटी दहापट कमी होते, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. ती वर्गमूळाच्या पटीत कमी होते. बळी शंभरपट केले तर त्रुटी दहापट कमी होते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा नियम पुढे महाविद्यालयात भेटतो. किरणोत्सर्गी पदार्थातून बाहेर पडणारे कण गायगर गणकाने मोजताना तोच वापरतात. n कण मोजले असतील, तर त्या मोजणीत साधारण √n एवढी अनिश्चितता धरायची. म्हणजेच टक्केवारीच्या भाषेत, एकाला √n ने भागून येणारा अंश. गोलंदाजालाही आपण ढोबळमानाने हाच नियम लावू शकतो. १०० बळी घेतले असतील तर √१००, म्हणजे १०. एकदशांश, म्हणजे सरासरीत सुमारे १० टक्के त्रुटी. ४०० बळी घेतले असतील तर ५ टक्के. प्रत्यक्षात ही त्रुटी याहून थोडी अधिकच असते, कारण बळी फाशासारखे सुटे सुटे पडत नाहीत. एक पडला की नवा फलंदाज येतो, तो बुजलेला असतो, आणि बळी जोडीने पडतात. तेव्हा ही कमीत कमी त्रुटी आहे असे समजून पुढे जाऊ.

कॅलक्युलेटर असेल तर घ्या. गोयल यांचे बळी ७५०, वर्गमूळ २७.४, १८.५८ ला २७.४ ने भागले की ०.६८. म्हणजे गोयल यांची सरासरी १८.५८ अधिक-उणे ०.६८. त्याच रीतीने शिवलकर १९.६९ अधिक-उणे ०.८१ आणि बेदी २१.६९ अधिक-उणे ०.५५.

आता दोघांची तुलना करायची तर दोघांच्याही त्रुटी एकत्र धराव्या लागतात. त्या नुसत्या बेरजेने एकत्र करत नाहीत. यासाठी एक छान युक्ती आहे, आणि ती तुम्हाला आठवी-नववीपासून येते. एक काटकोन त्रिकोण काढा. काटकोनाची एक बाजू पहिल्याच्या त्रुटीएवढी, दुसरी बाजू दुसऱ्याच्या त्रुटीएवढी. या त्रिकोणाचा कर्ण म्हणजे एकत्रित त्रुटी. पायथागोरसला क्रिकेट ठाऊक नव्हते, पण त्याचे प्रमेय इथेही कामाला येते. दोन सरासरींमधला फरक या कर्णाच्या दुपटीहून अधिक असेल, तरच तो खरा फरक मानावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. कमी असेल तर गप्प बसावे.

गोयल आणि शिवलकर यांच्यात फरक १.११. कर्ण येतो १.०६, त्याची दुप्पट २.१२. फरक लहान पडला. तेव्हा गोयल शिवलकरांपेक्षा सरस होते असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवलकर सरस होते असेही म्हणता येत नाही. दोघे एकाच पायरीवर. शिवलकर आणि बेदी यांच्यात फरक २.००, आणि कर्णाची दुप्पट १.९६. इथे फरक केसभर का होईना, मोठा ठरतो. म्हणजे बेदी खरोखरच मागे?

कसाऱ्याचा घाट

थांबा. आतापर्यंत आपण फक्त योगायोगाने येणारी त्रुटी पाहिली. दुसरी एक त्रुटी असते, आणि ती जास्त लबाड असते.

मी नाशिकला द्वारका चौकाजवळ राहतो. या चौकातून एक रस्ता पुण्याकडे फुटतो आणि एक मुंबईकडे जातो. समजा दोन सायकलस्वार आहेत. पहिला रोज द्वारकेहून नाशिकरोडला जातो. दुसरा मुंबईच्या रस्त्यावर कसाऱ्यापासून घाट चढून इगतपुरीला येतो. वर्षभर दोघांचा वेग मोजला. तीनशे दिवसांची मोजमापे झाली, योगायोगाची त्रुटी अगदी नगण्य झाली, आणि पहिल्याचा वेग जास्त निघाला. पहिला अधिक दमदार, असे म्हणणार का? तीनशे काय, तीन हजार दिवस मोजा; घाट काही सपाट होत नाही. व्हर्नियरमध्ये शून्य त्रुटी असेल तर हजार वेळा वाचन घेऊनही ती जात नाही, तसेच हे. अशा त्रुटीला व्यवस्थित त्रुटी म्हणतात. तिच्यावर वर्गमूळाचा इलाज चालत नाही. ती कोठून येते हे शोधून वजाच करावी लागते.

बेदींच्या वाटेत कोणता घाट होता? त्यांच्या १,५६० बळींपैकी २६६ बळी कसोटी सामन्यांतले आहेत. म्हणजे देशोदेशीचे निवडक फलंदाज समोर होते. शिवलकर आणि गोयल यांच्या खात्यात असा एकही बळी नाही. तेव्हा तुलना न्याय्य व्हायची तर बेदींच्या हिशेबातून कसोटीचा भाग काढून टाकला पाहिजे. गणित सोपे आहे. १,५६० ला २१.६९ ने गुणले की दिलेल्या एकूण धावा सुमारे ३३,८४० येतात. कसोटीत त्यांनी ७,६३७ धावा देऊन २६६ बळी घेतले, सरासरी २८.७१. हे दोन्ही वजा केले की उरतात सुमारे २६,२०० धावा आणि १,२९४ बळी. भागाकार २०.२५.

एवढ्याने चित्र किती बदलले पाहा. गोयल १८.५८, शिवलकर १९.६९, बेदी २०.२५. बेदी आणि शिवलकर यांच्यातला फरक आता फक्त ०.५६ उरला, कर्ण आहे जवळजवळ १. फरक संपला! बेदी आणि गोयल यांच्यातला फरक १.६७, कर्णाची दुप्पट १.७६. तोही काठावर का होईना, खाली गेला. मला विचाराल तर या सबंध हिशेबातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. तिन्ही गोलंदाज एका ओळीत येऊन उभे राहिले.

आणि घाट तेवढाच नाही. बेदी १९७२ ते १९७७ अशी सहा वर्षे इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशर परगण्याकडून खेळले. तिथल्या खेळपट्ट्या वेगळ्या, हवा वेगळी, सामने जवळजवळ रोज. शिवलकरांच्या बाबतीत उलटी गोष्ट आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या काळी देशातली सर्वांत भक्कम फलंदाजी मुंबईची. वाडेकर, सरदेसाई, पुढे गावसकर, वेंगसरकर. या फलंदाजांना रणजी सामन्यात गोलंदाजी करण्याचा प्रसंग शिवलकरांवर कधी आलाच नाही, कारण ते त्यांच्याच संघात होते! उलट या फलंदाजांनी उभारलेल्या धावांच्या राशी पाठीशी घेऊन ते निश्चिंतपणे चेंडूला उंची देऊ शकत होते. शिवाय जवळच्या क्षेत्रात एकनाथ सोळकरसारखा झेल टिपणारा. सोळकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले; असा माणूस शॉर्ट लेगला उभा असला की अर्धा बळी त्याचाच म्हणायला हवा. गोयल यांना अशी साथ क्वचितच मिळाली असेल. ते आयुष्यातला बराच काळ हरियाणासारख्या त्या काळच्या दुबळ्या संघाकडून खेळले आणि तरीही रणजी करंडकात ६३७ बळींचा विक्रम करून गेले. तो विक्रम आजही उभा आहे.

या सगळ्या गोष्टी आकड्यांत कशा बसवायच्या? नेमके सांगणे अवघड आहे. पण कोणती गोष्ट कोणाच्या पारड्यात पडते, एवढे तरी मांडता येते.

खेळपट्टीचा प्रश्न मात्र सोडवण्याची एक सुरेख रीत आहे. एकाच सामन्यातल्या इतर गोलंदाजांशी तुलना करायची. खेळपट्टी सर्वांना तीच, हवा तीच, दिवस तेच. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर मुंबई आणि तामिळनाडू यांच्यात झाला. खेळपट्टी अशी, की पहिल्या दिवसापासून धूळ उडत होती. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. तामिळनाडूच्या ८० आणि ६१. चार डाव, चाळीस बळी, अवघ्या ४०५ धावा! शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले.

ऐकणारा लगेच म्हणेल, 'असल्या खेळपट्टीवर कोणीही बळी घेतले असते.' चला, तपासून पाहू. शिवलकरांचे १३ बळी ३४ धावांत. म्हणजे बळीमागे २.६ धावा. सामन्यातले उरलेले २७ बळी पडले ते ३७१ धावांत, बळीमागे १३.७ धावा. याच खेळपट्टीवर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे कसलेले फिरकी गोलंदाज समोरच्या बाजूने होते. तेरा बळींवरून काढलेल्या सरासरीत त्रुटी मोठी असणार. तेराचे वर्गमूळ ३.६, म्हणजे त्रुटी सुमारे २८ टक्के. पण २.६ मध्ये २८ टक्के इकडे तिकडे केले तरी १३.७ कोठे जवळही येत नाही. खेळपट्टीने मदत केली हे खरे, पण ती सर्वांनाच उपलब्ध होती.

तरी इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हा सामना आपण मुळात निवडला तो विलक्षण म्हणून. एखाद्या फासा टाकणाऱ्याच्या हजार फेऱ्यांतून ओळीने चार वेळा सहा पडलेली फेरी उचलून दाखवणे सोपे असते. असाच हिशेब शिवलकरांच्या १२४ पैकी प्रत्येक सामन्याचा केला तरच तो निर्णायक होईल. धावफलक जुन्या वार्षिकांतून मिळतात. एखाद्या शाळेतल्या आठ-दहा मुलांनी मिळून हे काम घेतले तर एका सुट्टीत होईल, आणि मला वाटते, ते करण्याजोगे आहे.

कोणते माप?

इतका वेळ आपण सरासरी हेच श्रेष्ठत्वाचे माप धरून चाललो. ते तरी बरोबर आहे का? यासाठी आपल्या तिघांना क्षणभर बाजूला ठेवून बेदींच्या कसोटीतल्या एका साथीदाराकडे वळू. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन ही फिरकी चौकडी तुम्ही ऐकली असेल. (चौघे मिळून एकाच कसोटीत खेळले, असे मात्र फक्त एकदाच घडले, १९६७ साली बर्मिंगहॅमला.) त्यांतले भागवत चंद्रशेखर. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा हात बारीक झाला होता आणि त्याच हाताने ते लेगस्पिन टाकीत. तेही जवळजवळ मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने. १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला आणि भारताने इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली.

कसोटीत बेदींची सरासरी २८.७१, चंद्रशेखर यांची २९.७५. बळी २६६ आणि २४२. त्रुटी अनुक्रमे १.८ आणि १.९. फरक अवघा १.०४. सरासरीच्या तराजूवर दोघे समसमान. पण ज्यांनी दोघांना पाहिले ते शपथेवर सांगतील, की या दोघांइतके भिन्न गोलंदाज शोधून सापडायचे नाहीत. मग तराजूला हा फरक का दिसत नाही?

कारण सरासरी ही दोन राशींचा गुणाकार आहे. एका बळीमागे किती चेंडू लागतात ही एक राशी, आणि एका चेंडूमागे किती धावा जातात ही दुसरी. आयताचे क्षेत्रफळ सारखे असले तरी एक आयत लांबट आणि दुसरा रुंद असू शकतो, तसे. बेदींनी कसोटीत २१,३६४ चेंडू टाकले, बळीमागे ८०.३ चेंडू, षटकामागे २.१४ धावा. चंद्रशेखर यांनी १५,९६३ चेंडू टाकले, बळीमागे ६६.० चेंडू, षटकामागे २.७१ धावा. बळीमागच्या चेंडूंत फरक १४.३. त्रुटी ४.९ आणि ४.२, कर्ण ६.५, त्याची दुप्पट १३. हा फरक खरा आहे! एकजण कंजूष आणि चिवट, दुसरा उधळा पण झटपट मोहोर वसूल करणारा. आता सांगा, श्रेष्ठ कोण? सामना वाचवायचा की जिंकायचा, चेंडू किती शिल्लक आहेत, यावर ते अवलंबून राहील. पदार्थ मोठा कोणता असे विचारल्यावर 'वस्तुमानाने की आकारमानाने?' असा प्रतिप्रश्न करावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या तीन डावखुऱ्यांच्या बाबतीत एवढे भान ठेवायचे, की तिघांची सरासरी एका ओळीत आली म्हणून तिघे एकसारखे होते असे होत नाही. बेदींचे शस्त्र उंची. हवेत सोडलेला चेंडू पुढच्या बाजूला फिरत असेल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाची हवा सारख्या रीतीने वळत नाही. हवा वर ढकलली जाते आणि चेंडू खाली. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. फलंदाजाला वाटते चेंडू आपल्यापर्यंत येतोय, आणि तो वीतभर अलीकडेच टप्पा घेतो. गोयल हे हवेत त्या मानाने सपाट आणि वेगाने टाकीत. टप्प्याची अचूकता हे त्यांचे बळ. शिवलकर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, आणि खेळपट्टीने साथ दिली तर दोघांहूनही धोकादायक, असे माझे मत आहे. ते मत आहे, मोजमाप नव्हे.

न झालेला प्रयोग

आता अन्यायाच्या प्रश्नाकडे येऊ. शिवलकरांना कसोटीत खेळवले असते तर त्यांची सरासरी किती आली असती?

हा न झालेला प्रयोग आहे. पण अंदाज बांधता येतो, आलेखाची रेषा शेवटच्या बिंदूपुढे तुटक काढतात तसा. बेदींची कसोटीबाहेरची सरासरी २०.२५ आणि कसोटीतली २८.७१. म्हणजे कसोटीत एक बळी १.४२ पट महाग पडला. शिवलकरांच्या १९.६९ ला हाच गुणक लावला तर येतात २८. म्हणजे जवळजवळ बेदींचीच सरासरी. गोयल यांच्यासाठी येतात साधारण २६.

एकाच माणसावरून गुणक काढणे धोक्याचे, म्हणून दुसरा घेऊ. बेदींनंतर १९७९ साली ती जागा दिलीप दोशी यांना मिळाली, वयाची एकतीस वर्षे पूर्ण झाल्यावर. त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले, सरासरी ३०.७१. त्यांचे प्रथम श्रेणीतले एकूण बळी ८९८, सरासरी २६.५८. पूर्वीसारखाच हिशेब करून कसोटीबाहेरची सरासरी येते २६, आणि गुणक १.१८. तो लावला तर शिवलकर २३ वर आणि गोयल २२ वर येतात! दोशीही परगण्यांकडून पुष्कळ खेळले असल्याने त्यांचा गुणक कमी दिसतो, हे लक्षात घेतले पाहिजे. तेव्हा २३ हा आकडा मी स्वतः फार मनावर घेणार नाही. पण कोणताही गुणक घेतला तरी शिवलकर आणि गोयल बेदींच्या मागे पडत नाहीत. तुटक रेषा कितीही डळमळीत असो, तिची दिशा स्पष्ट आहे.

मग निवड समितीने चूक केली का? इथे नीट विचार करा. तिघे सारखेच होते, असे आपण आज शेकडो बळींचे आकडे हाती असताना म्हणतो आहोत. १९६६ साली कोणाच्याही नावावर एवढे बळी नव्हते, त्यामुळे प्रत्येकाची त्रुटी प्रचंड होती. तिघांत वीस वर्षांचा तरुण कोण, तर बेदी. त्याला घेतले, त्याने बळी मिळवले, आणि जो बळी मिळवतो आहे त्याला काढा असे कोण म्हणेल? बेदींना घेणे चूक नव्हते. पण फिरत्या खेळपट्टीवर दोन डावखुरे खेळवून पाहायला काय हरकत होती, हा प्रश्न मला आजही पडतो. सारखे चेंडू टाकणारे दोघे नकोत, हा एक संकेत होता; तो नीट तपासून पाहिला गेला नाही, असे मला वाटते. प्रयोग न करता मानलेल्या संकेतांविषयी भौतिकशास्त्राचा माणूस थोडा साशंकच असतो.

एक साक्ष मात्र इथे नोंदवली पाहिजे. दोन वजनांची तुलना करताना ती एकाच प्रमाण वजनाशी ताडून पाहतात. तसे तिघांनाही जवळून जोखलेले एक प्रमाण वजन आपल्याकडे होते, ते म्हणजे सुनील गावसकर. आपल्याला आदर्श वाटलेल्या खेळाडूंवर त्यांनी 'आयडॉल्स' हे पुस्तक १९८३ साली लिहिले. त्यात जगातल्या नामवंत कसोटीवीरांच्या पंगतीत त्यांनी एकही कसोटी न खेळलेल्या दोघांना बसवले आहे. एक शिवलकर आणि दुसरे गोयल. पुढे २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तोही या दोघांना मिळून.

तुमच्यासाठी एक काम ठेवतो. चौकडीतले प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे दोघेही ऑफस्पिनर, आणि एका जागेसाठी दोघांत वर्षानुवर्षे चुरस होती. प्रसन्ना : ४९ कसोटी, १४,३५३ चेंडू, ५,७४२ धावा, १८९ बळी. वेंकटराघवन : ५७ कसोटी, १४,८७७ चेंडू, ५,६३४ धावा, १५६ बळी. दोघांची सरासरी, बळीमागचे चेंडू आणि षटकामागच्या धावा काढा. प्रत्येकापुढे त्रुटी लिहा. त्रिकोण काढून कर्ण मोजा. सरासरीतला फरक कर्णाच्या दुपटीत बसतो का, ते पाहा. आणि बळीमागच्या चेंडूंच्या बाबतीतही उत्तर तेच येते का, तेही पाहा. नाशिकच्या मुलांनी आणखी एक करावे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर पुढचा रणजी सामना होईल तेव्हा वही घेऊन जावे, दोन्ही संघांच्या फिरकी गोलंदाजांचे चेंडू, धावा आणि बळी चार दिवस नोंदवावेत, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी, शेजारी बसलेल्या काकांनी 'आपला गोलंदाज भारी' असे म्हटले की त्यांना विचारावे, 'अधिक-उणे किती?'